न चिकटणाऱ्या सिमेंटची नव्वद वर्षे

"डॉक्टरांनी दाढेत सिमेंट भरले," असे आपण सर्रास म्हणतो. वर्गात कोणी हे वाक्य उच्चारले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, म्हणजे घराला वापरतात तेच का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूड आणि द्रव एकत्र कालवायचे, थोडा वेळ लगदा मऊ राहतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो, एवढे साम्य दोन्हींत आहेच. फरक असा की घराच्या सिमेंटला पाणी लागते आणि दाताच्या बहुतेक जुन्या सिमेंटांना आम्ल लागते. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळते, हे आपण इयत्ता सातवी-आठवीपासून शिकवतो. त्याच अभिक्रियेवर दंतवैद्यकाने शंभराहून अधिक वर्षे काम चालवले आहे.

या लेखात आपण एकाच प्रश्नाचा माग काढणार आहोत. किडलेल्या किंवा तुटक्या दातावर बसवलेली टोपी, म्हणजे ज्याला आपण कॅप म्हणतो ती, किंवा पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेला ब्रिज जागच्या जागी कसा राहतो? "सिमेंटने चिकटवलेला असतो म्हणून," हे उत्तर चटकन सुचते. पण सुमारे नव्वद वर्षे ते उत्तर चूक होते. दाताचे सिमेंट दाताला चिकटत नव्हते. त्याची किंमत रुग्णाच्या दाताने मोजली, आणि म्हणूनच हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

केसाहून पातळ थर

आधी काम किती अवघड आहे ते पाहू. टोपी आणि दात यांच्यामध्ये सिमेंटचा जो थर राहायचा, तो अत्यंत पातळ हवा. झिंक फॉस्फेट सिमेंटासाठी ठरवलेल्या मानकात काचेच्या दोन सपाट पट्ट्यांमध्ये ताजे सिमेंट दाबून त्याच्या थराची जाडी मोजतात. ती २५ मायक्रॉनपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. थर जाड राहिला तर टोपी पूर्ण खाली बसत नाही, तोंड मिटताना तोच दात आधी टेकतो, आणि टोपीच्या कडेला उघड्या पडलेल्या सिमेंटाची लाळेत झीज होते. तेथून जंतू आत शिरतात.

एवढा पातळ थर तोंडातच, काही मिनिटांत घट्ट झाला पाहिजे. नंतर त्याने गरम चहा, थंड पाणी, लिंबाचे लोणचे आणि चोवीस तासांची लाळ सोसली पाहिजे. जोराने चावताना दाढेवर कित्येक माणसांत ५०० न्यूटनच्या पुढे बल पडते. हे जवळजवळ पन्नास किलोच्या पोत्याचे वजन झाले. तेही सिमेंटाने पेलले पाहिजे.

आणि हे सगळे एका जिवंत अवयवावर करायचे असते. दाताचे बाहेरचे एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्याच्या आतील डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास असून उरलेला भाग प्रथिने व पाणी यांचा असतो. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्यांचे जाळे असते आणि त्या नळ्या आतल्या दंतगरापर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या व नसा असलेल्या मऊ भागापर्यंत पोचतात. दात घासून लहान केला की या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. त्यावर आम्लाचा लगदा ठेवायचा म्हणजे काय, याची कल्पना करता येईल.

राळेपासून जस्तापर्यंत

प्राचीन इट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्ट्यांनी खोटे दात शेजारच्या दातांना बांधत. त्यात सिमेंट नव्हतेच. १७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांचा दंतवैद्यकावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उरलेल्या मुळात धातूची खुंटी बसवून तिच्यावर खोटा दात लावण्याची पद्धत ते वापरीत, आणि खुंटी पक्की करण्यासाठी उष्णतेने मऊ होणारी राळेसारखी लुकण भरीत. उष्णतेने मऊ होणारी वस्तू तोंडात किती टिकणार हे सांगायला नको.

खरी सुरुवात झाली ती दंतवैद्यकाबाहेर. स्तानिस्लास सोरेल हे फ्रेंच अभियंते. लोखंडावर जस्ताचा थर देऊन गंज रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १८३७ मध्ये घेतले होते. १८५५ मध्ये त्यांनी झिंक ऑक्साइडची पूड झिंक क्लोराइडच्या तीव्र द्रावणात कालवून घट्ट होणारे सिमेंट तयार केले. दंतवैद्यांनी ते उचलले. पण ते दंतगराला झोंबे आणि लाळेत विरघळे. मात्र त्यातून एक दिशा सापडली. पूड झिंक ऑक्साइडचीच ठेवायची आणि द्रव बदलून पाहायचा.

१८७८-७९ च्या सुमारास क्लोराइडची जागा फॉस्फरिक आम्लाने घेतली आणि झिंक फॉस्फेट सिमेंट अवतरले. शब्दांत अभिक्रिया सोपी आहे: झिंक ऑक्साइड अधिक फॉस्फरिक आम्ल, त्यातून झिंक फॉस्फेट व पाणी. प्रत्यक्षात सगळी पूड विरघळत नाही. कणांचा बाहेरचा भाग आम्लात विरघळतो, न विरघळलेले गाभे तसेच राहतात आणि नव्याने तयार झालेल्या फॉस्फेटच्या जाळ्यात ते जखडले जातात. वाळू आणि खडी सिमेंटात जखडावी तसाच हा प्रकार आहे.

ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, आणि उष्णतेने अभिक्रिया आणखी वेगाने होते. सगळी पूड एकदम घातली तर लगदा हातातच घट्ट होतो. म्हणून जाड, थंड केलेल्या काचेच्या पाटीवर पूड थोडी थोडी घेऊन, पाटीभर पसरून, सावकाश कालवण्याची रीत पडली. पाटी उष्णता शोषून घेते, वेळ मिळतो, आणि मिळालेल्या वेळात जास्त पूड सामावता येते. जितकी पूड जास्त, तितके सिमेंट मजबूत व कमी विरघळणारे. उत्पादकांनी पूड हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून मंद केली आणि आम्लात थोडे ॲल्युमिनियम मिसळले. अभिक्रियेच्या वेगावर तापमानाचा परिणाम शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दात सिमेंटासाठी, की सिमेंट दातासाठी?

झिंक फॉस्फेट मजबूत होते, पातळ पसरे, स्वस्तही होते. पण ते दाताशी कोणताही रासायनिक बंध जोडत नसे. मग टोपी राही कशी? दाताचा घासलेला पृष्ठभाग आणि टोपीची आतली बाजू, दोन्ही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. सिमेंट त्या खाचाखोचांत शिरून घट्ट होते आणि पाचरीसारखे अडकून बसते. हे वर्गात दाखवता येते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा लगदा काचेच्या दोन गुळगुळीत तुकड्यांमध्ये भरा, आणि दुसरा थोडा लगदा कौलाच्या दोन खरबरीत तुकड्यांमध्ये भरा. घट्ट झाल्यावर दोन्ही सोडवून पाहा. फरक सांगावा लागणार नाही.

पण नुसत्या खाचांवर भागत नाही. दाताचा आकारही तसाच असावा लागतो. पेल्यावर पालथा घातलेला पेला सहज निघतो, कारण त्याच्या भिंती तिरप्या असतात. उभ्या भिंतीच्या डब्याचे घट्ट झाकण ओढून काढावे लागते. दाताचेही तसेच आहे. १९५५ मध्ये डेन्मार्कमधील के. डी. यॉर्गेन्सेन यांनी प्रयोगाने दाखवले, की दाताच्या बाजू वर निमुळत्या होण्याचा कोन वाढला की टोपी ओढून काढायला लागणारे बल झपाट्याने घटते. म्हणून दात उंच, जवळजवळ समांतर भिंतींचा घडवावा लागे आणि गरज पडल्यास त्यात खाचाही कोराव्या लागत. त्याआधी, १९०७ साली, शिकागोचे विल्यम टॅगार्ट यांनी मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत सोने ओतण्याची पद्धत दंतवैद्यांपुढे मांडली होती. आपल्याकडचे मूर्तिकार पंचधातूच्या मूर्ती घडवताना पिढ्यान्‌पिढ्या हीच युक्ती वापरत आले आहेत. या पद्धतीने टोप्या नेमक्या मापाच्या होऊ लागल्या आणि पातळ थराची अट पाळता येऊ लागली.

दंतवैद्यांच्या कित्येक पिढ्या या शिस्तीत तयार झाल्या, आणि त्यांनी बसवलेल्या टोप्या वीस-वीस वर्षे टिकल्याही. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. सिमेंट चिकटत नाही म्हणून निरोगी दात कोरायचा. एक दात पडला तर ब्रिजसाठी शेजारचे दोन धडधाकट दात चहूबाजूंनी घासायचे. एनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. त्यावर ताजे फॉस्फेट सिमेंट म्हणजे आम्लच. कालवल्यानंतर काही मिनिटे त्याचा सामू ४ च्या खाली असतो आणि उदासीन होण्यास एक-दोन दिवस लागतात. टोपी बसवल्यावर दात ठणकण्याचे हे एक कारण सांगितले जाई. दात सिमेंटासाठी घडवला जात होता. सिमेंट दातासाठी घडवलेले नव्हते.

लवंग आणि काच

याच काळात दोन वेगळ्या वाटा फुटल्या होत्या. पहिली लवंगेची. दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवणे आपल्या घराघरांत माहीत आहे. या तेलातील मुख्य घटक युजेनॉल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात झिंक ऑक्साइड आणि लवंगेचे तेल कालवून सिमेंट करण्यास सुरुवात झाली. ते दुखऱ्या दाताला शांत करते, पण कमजोर असते. म्हणून पक्की टोपी तयार होईपर्यंत तात्पुरती टोपी बसवण्यासाठी ते योग्य ठरले. चार दिवसांनी सहज निघावे, हाच येथे गुण.

दुसरी वाट काचेची. झिंक फॉस्फेट अपारदर्शक, म्हणून पुढच्या दातात भरले की दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियम व सिलिका यांची खास काच दळून ती फॉस्फरिक आम्लात कालवलेले सिलिकेट सिमेंट प्रचारात आले. ते दातासारखे अर्धपारदर्शक दिसे. पण ते झोंबे, लाळेत झिजे, डाग धरी. तरीही एक गोष्ट दंतवैद्यांच्या लक्षात आली. सिलिकेट झिजले तरी त्याच्या कडेने दात सहसा पुन्हा किडत नसे. काच कमी तापमानाला वितळावी म्हणून तिच्यात फ्लोराइड घालत. तेच हळूहळू सुटून दाताला मिळत होते. भट्टीच्या सोयीसाठी घातलेला पदार्थ रुग्णाच्या उपयोगी पडला.

मँचेस्टर आणि लंडन

१९६८ मध्ये मँचेस्टरमधील डेनिस स्मिथ यांनी पूड तीच ठेवली, झिंक ऑक्साइडची. पण फॉस्फरिक आम्लाऐवजी पॉलिॲक्रिलिक आम्लाचे द्रावण घेतले. हे बहुवारिक आम्ल आहे. कार्बनच्या लांबच लांब साखळीवर ओळीने कार्बॉक्सिल गट लागलेले असतात. काही गट पुडीतल्या जस्ताला धरतात आणि काही दाताच्या खनिजातल्या कॅल्शियमला. म्हणजे साखळीचा एक हात सिमेंटात, दुसरा दातात. झिंक पॉलिकार्बॉक्सिलेट हे दाताला रासायनिक बंधाने चिकटणारे पहिले सिमेंट. त्याचा त्रासही कमी होता, कारण आम्ल सौम्य आणि रेणू एवढे मोठे की डेंटिनच्या नळ्यांतून ते सहजी आत जात नाहीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

त्याच सुमारास लंडनच्या सरकारी रासायनिक प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि त्यांचे सहकारी सिलिकेट सिमेंट का झिजते याचा अभ्यास करत होते. या अभ्यासातून कळले, की नाव सिलिकेट असले तरी कणांना बांधून ठेवणारा पदार्थ ॲल्युमिनियम फॉस्फेट आहे. आता आपण फळ्यावर दोन पुडी आणि दोन द्रव यांचा तक्ता मांडू:

झिंक ऑक्साइड व फॉस्फरिक आम्ल: झिंक फॉस्फेट, १८७८-७९
काच व फॉस्फरिक आम्ल: सिलिकेट, विसाव्या शतकाचा आरंभ
झिंक ऑक्साइड व पॉलिॲक्रिलिक आम्ल: पॉलिकार्बॉक्सिलेट, १९६८
काच व पॉलिॲक्रिलिक आम्ल: ?

मेंडेलीव्हच्या सारणीतल्या रिकाम्या घरासारखे हे चौथे घर. त्यात सिलिकेटचे रूप व फ्लोराइड आणि पॉलिकार्बॉक्सिलेटचा चिकटपणा, दोन्ही एकत्र यायला हवेत. पण सिलिकेटची नेहमीची काच या सौम्य आम्लात कालवली तर लगदा धड घट्ट होईना. अडचण काचेत होती. काचेच्या जाळ्यात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की तेथे ऋणभार उरतो आणि तेथे आम्लाचा हल्ला होऊ शकतो. म्हणजे सौम्य आम्लाला पुरे पडेल अशी काच हवी असेल, तर सिलिकाच्या तुलनेत ॲल्युमिनाचे प्रमाण वाढवले पाहिजे. विल्सन आणि ब्रायन केंट यांनी तशा काचा वितळवून पाहिल्या आणि १९६९ मध्ये चौथे घर भरले. १९७२ पर्यंत त्यांचे शोधनिबंधही प्रसिद्ध झाले. हेच ग्लास आयोनोमर सिमेंट.

पहिले नमुने घट्ट व्हायला फार वेळ घेत. उपाय सापडला तो आपल्या चिंचेत असणाऱ्या टार्टारिक आम्लात. १९७० च्या दशकात विल्सन आणि स्टीफन क्रिस्प यांना आढळले, की ते थोडेसे मिसळले तर लगदा हाताळायला पुरेसा वेळ मऊ राहतो आणि मग एकदम घट्ट होतो. १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात या सिमेंटाच्या आधाराने एक साधी पद्धत आकारास आली. किडलेला भाग हाताच्या हत्याराने खरवडायचा आणि खळग्यात ग्लास आयोनोमर भरायचे. यंत्र नको, वीज नको. दाताला स्वतःहून चिकटणाऱ्या सिमेंटामुळे मोठा खळगा कोरण्याची गरज उरली नव्हती. विजेची सोय नसलेल्या गावांना याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आम्लाने कोरलेले एनॅमल

आतापर्यंतची सर्व सिमेंटे आम्ल-आम्लारी कुळातली. दुसरे कूळ प्लॅस्टिकचे. धातूला रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत त्यावर फॉस्फरिक आम्लाची प्रक्रिया करत. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी तीच युक्ती दातावर केली. १९५५ मध्ये त्यांनी दाखवले, की ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल एनॅमलवर अर्धा मिनिट ठेवून धुतले तर पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे पडतात आणि ॲक्रिलिक राळ त्यांत घट्ट रुतते. ज्या आम्लाला पाऊण शतक दाताचा शत्रू मानले, तेच येथे कामाला आले. १९६० च्या दशकाच्या आरंभी राफेल बोवेन यांनी अधिक मजबूत आणि घट्ट होताना कमी आकसणारी राळ बनवली.

ब्रिजच्या बाबतीत याचा परिणाम लगेच दिसला. १९७३ मध्ये फ्रान्सच्या रोशेत यांनी छिद्रे असलेला धातूचा पातळ पंख दाताच्या मागच्या बाजूला राळेने चिकटवला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरीलँड विद्यापीठात छिद्रांऐवजी विद्युत्-रासायनिक पद्धतीने धातू कोरण्यात आला. आता एका पडलेल्या दातासाठी शेजारचे दोन दात चहूबाजूंनी घासण्याची प्रत्येक वेळी गरज उरली नाही. ओलसर डेंटिनला राळ चिकटवणे मात्र अवघड गेले. १९८२ मध्ये जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी राळ डेंटिनच्या तंतूंत शिरून एक संमिश्र थर बनवते असे दाखवले आणि तोही मार्ग खुला झाला.

निवड कशी होते?

मग आजचे सर्वोत्तम सिमेंट कोणते? प्रश्नच चुकीचा आहे, असे उत्तर द्यावे लागते. दात उंच असेल, भिंती समांतर असतील आणि टोपी धातूची असेल, तर दीडशे वर्षांच्या घरात आलेले झिंक फॉस्फेटसुद्धा काम निभावते. अशा ठिकाणी ग्लास आयोनोमर किंवा त्यात राळ मिसळून केलेला प्रकारही चालतो. दात बुटका किंवा फार निमुळता असेल तर आकारावर भिस्त ठेवता येत नाही, तेथे राळेचे सिमेंट हवे. पुढच्या दातावरचे पोर्सेलिनचे पातळ पापुद्रे तर चिकटवल्याशिवाय राहूच शकत नाहीत. त्यांची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून राळेने जोडतात. झिर्कोनिया या आम्लाने तसा कोरला जात नाही. त्याला धरण्यासाठी फॉस्फेट गट असलेले खास रेणू लागतात.

राळ ताकदवान खरी, पण तिला कोरडी जागा लागते. टोपीची कड हिरडीखाली असेल आणि तेथे ओल थांबत नसेल, तर पाण्याशी जुळवून घेणारे ग्लास आयोनोमर बरे. राळेचे सिमेंट वापरायचे ठरले असेल तर तात्पुरत्या टोपीखाली लवंगेचे सिमेंट टाळलेले बरे, कारण मागे उरलेले युजेनॉल राळेच्या बहुवारिकीभवनात अडथळा आणते. टोपी पुढे कधी काढावी लागेल का, हेही आधी पाहावे लागते. फार घट्ट चिकटलेली टोपी कापूनच काढावी लागते. म्हणजे चिकटणे हा नेहमीच गुण असतो असे नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. टोपीखालचे सिमेंट घराचे नव्हे. पण १९९३ मध्ये अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद यांनी मुळाची छिद्रे बुजवण्यासाठी मांडलेला एक पदार्थ मुख्यत्वे पोर्टलँड सिमेंटाच्या जातीचाच आहे, आणि तो पाण्यातच घट्ट होतो. तेव्हा "नाही रे बाबा" असे म्हणून त्याला खाली बसवण्याआधी आपण थोडे थांबावे.

इतिहासातून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. नव्वद वर्षे शोध चालला होता तो अधिक मजबूत सिमेंटाचा, आणि त्यासाठी दात कोरणे सगळ्यांनी गृहीत धरले होते. स्मिथ, विल्सन आणि बुओनोकोर यांनी ते गृहीत सोडले, म्हणून आज दाताचा जास्त भाग तोंडात शाबूत राहतो. आपल्याला पुढे कधी टोपी बसवण्याची वेळ आली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: माझा दात किती घासावा लागेल, आणि त्याखाली कोणते सिमेंट वापरणार? दोन्ही उत्तरे एकमेकांशी जोडलेली असतात.